सोसायटीतला आंबा एका बाजूने वाळतोय: आधी बुंध्याशी बसून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या आवारात रायवळ आंब्याचं जुनं झाड आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर १६५ सेंटिमीटर. दोन वर्षांपासून पार्किंगकडच्या फांद्या शेंड्याकडून वाळत चालल्या आहेत, खोडावर डिंक दिसतो, बुंध्याशी भुसा पडतो. उरलेल्या बाजूला मात्र या वर्षी मोहर भरपूर आलाय. तीन वर्षांपूर्वी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले आणि तेव्हाच खोडापासून चार फुटांवरून ड्रेनेजची नवी लाइन टाकली. छाटणीवाल्याने सांगितलंय, ‘वरून निम्मं उतरवा, नवी पालवी फुटेल.’ काही सभासद म्हणतात, गाड्यांवर पडण्याआधी तोडूनच टाका. आपल्याच आवारातल्या झाडाला परवानगी लागते का, हेही विचारलंय. शिवाय कोपऱ्यातल्या दोन नारळांच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतात, त्याचं काय करायचं?

ताई, चार फुटांवरच्या ड्रेनेज लाइनचा उल्लेख तुम्ही शेवटी, जाता जाता केलाय. मी तिथूनच सुरुवात करते. गेली २६ वर्षं मी सोसायट्यांमधली, बंगल्यांमधली झाडं तपासते. ‘झाड अचानक वाळायला लागलं’ असं सांगणारे फोन येतात, तेव्हा मी आधी विचारते, मागच्या चार-पाच वर्षांत झाडाच्या आसपास खोदकाम काय झालं? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

झाडाचं मूळ जितकं उंच झाड तितकं खोल जातं, असा आपला समज असतो. आंब्याचं सोटमूळ खोल जातं हे खरं, पण पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. जमीन वरून उघडी, भुसभुशीत असेल तरच त्यांना हवा मिळते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, हे पेव्हर बसवताना कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आता तुमच्या झाडाचा हिशोब करू. घेर १६५ म्हणजे खोडाची जाडी साधारण ५२ सेंटिमीटर. बांधकामाच्या वेळी झाडाभोवती किती जागेला हात लावू नये, यासाठी ब्रिटिश मानकात एक सोपा आकडा आहे, खोडाच्या जाडीच्या १२ पट त्रिज्या. तुमच्या आंब्यासाठी ती सव्वासहा मीटर, म्हणजे वीस फूट होते. तुमचा चर गेलाय चार फुटांवरून. त्या बाजूची मोठी मुळं तेव्हाच तुटली असणार. पार्किंग त्याच बाजूला आणि वाळलेल्या फांद्याही त्याच बाजूला. साधारणपणे एका बाजूची मुळं त्याच बाजूच्या फांद्यांना पाणी पुरवतात, त्यामुळे खाली जिथे घाव बसतो त्याच्या वरच्या अंगाला वाळ दिसते.

मग चर खोदला तेव्हाच का नाही वाळलं? झाड साठवणीवर जगतं. खोडात, जाड मुळांत साठवलेलं पिष्ट वापरून ते एक-दोन हंगाम पालवी काढतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. साठा संपत आला की शेंडे वाळू लागतात. भरपूर मोहराचंही तसंच. तुम्ही आनंदाने लिहिलंय म्हणून सांगायला जड जातं, पण ताणात सापडलेलं झाड कधी कधी नेहमीपेक्षा जास्त फुलतं. एका बाजूला मोहर आणि दुसरीकडे वाळ, हे तब्येत सुधारल्याचं लक्षण मी धरणार नाही. मात्र मोहराच्या बाजूला पानं टवटवीत आहेत, म्हणजे झाडात जोर शिल्लक आहे. हे झाड वाचण्यासारखं आहे असं मला वाटतं, आणि ते वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोडा, छाटा, फवारा यातलं काहीही ठरवण्याआधी एक सकाळ काढा आणि झाडाच्या बुंध्याशी बसा. सोबत जुना चमचा, एक लाकडी हातोडी आणि मोबाइल असू द्या.

पहिलं बघायचं ते खोड जमिनीत कसं शिरतं. निरोगी झाडाचा बुंधा खाली घंटेसारखा रुंदावतो आणि मोठी मुळं जमिनीवर सुरुवात करताना दिसतात. तुमचं खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत शिरत असेल, तर पेव्हर बसवताना त्याच्याभोवती मुरूम-माती चढवली आहे. ती साल कायम ओली राहते आणि कुजते. चमच्याने माती हलक्या हाताने बाजूला करत खाली जा. साल घट्ट आणि कोरडी लागते की बोट रुतावं इतकी मऊ, ते बघा. वासही घ्या, कुजलेल्या सालीला आंबूस वास येतो. बुंध्याला चिकटलेलं, वरून तपकिरी चकचकीत आणि कडेला पांढरं असं लाकडासारखं कडक भूछत्र दिसलं, तर लगेच फोटो काढून ठेवा. ती गॅनोडर्मा बुरशी असू शकते. ती मुळं आणि बुंधा आतून पोखरते. तसं असेल तर पुढचे सगळे निर्णय बदलतात.

दुसरं, वाळलेल्या फांद्यांची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे, पानं नसली तरी. तपकिरी, कोरडं दिसलं तर गेली. शेंड्यापासून खाली असं तपासत या आणि हिरवं जिथे सुरू होतं तिथे सुतळी बांधा. ही सुतळी पुढे फार कामाला येते. छाटणीवाल्याला ‘सुतळीच्या खाली हात लावायचा नाही’ एवढंच सांगायला लागतं.

तिसरं, हातोडीने खोडावर हलके ठोके देत गोल फिरा. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळ जागी ढब असा येतो. पोकळी सापडली म्हणून घाबरू नका. झाडाचा मधला गाभा मेलेल्या लाकडाचा असतो, जिवंत आणि भार पेलणारं लाकूड कडेला असतं. आमच्या कामातला ठोकताळा असा, की चांगल्या लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या एक-तृतीयांशापेक्षा जाड असेल तर केवळ पोकळीमुळे झाड धोकादायक ठरत नाही. खोडाला मोठं उघडं भोक किंवा चीर असेल तर मात्र हा ठोकताळा पुरत नाही.

आता भुशाबद्दल. हा भुसा म्हणजे भिरूड, आंब्याचा खोडकिडा. माझे वडील राजापूर तालुक्यात आंब्याची बाग सांभाळायचे. त्यांच्या कमरेला कोयत्याबरोबर सायकलच्या ब्रेकची एक तार असायची, टोकाला छोटा आकडा केलेली. खोडावर ओलसर भुसा दिसला की ते आधी कान लावायचे. दुपारच्या शांततेत आत किडा लाकूड चावतो तो कर्र-कर्र आवाज खरंच ऐकू येतो. मग साल सुरीने उघडून भोक मोकळं करायचं, तार हळूहळू फिरवत आत सरकवायची. तार मऊ जागी अडली, की मनगटाला एक पीळ द्यायचा आणि ओढायची. बाहेर येते ती बोटभर लांब, पिवळट पांढरी, बिनपायांची अळी, डोकं तपकिरी आणि जबडा एवढा कडक की तारेवर आपटला तर जाणवतो. टोकाला पांढरा ओलसर चीक लागून आला तरी काम झालं असं समजायचं.

तुम्हीही हेच करून घ्यायचं आहे. कामगार सापडत नसेल तर कोकणातला एखादा बागायती गडी पुण्यात असतोच, विचारून बघा. भुशाचा रंग बघा. ताजा, फिकट, ओलसर भुसा म्हणजे अळी आत चालू आहे. काळपट, कोरडा म्हणजे जुनं भोक. अळी निघाली नाही तर पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा छोटा बोळा भोकात सारून वरून चिखलाने घट्ट लिंपा. आठ दिवसांनी बघा. लिंपण फुटून परत भुसा आला तर आणखी एकदा. त्या वेळी जवळ कुणी विडी-सिगारेट पेटवणार नाही, एवढी काळजी घ्या.

जुन्या पुस्तकांत आणि दुकानदारांच्या तोंडी अजून या कामासाठी डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाचं नाव येतं. त्यावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी भोकात टाकतो असं कुणी म्हणालं तर त्याला आवारातही घेऊ नका. तिच्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो आणि तुमच्या झाडाच्या वरच फ्लॅटच्या खिडक्या आहेत. संपूर्ण झाडावर कीटकनाशक फवारणं तर या किडीसाठी निरुपयोगी. अळी लाकडात, औषध पानांवर. मरतील त्या मोहरावरच्या मधमाश्या आणि माश्या, ज्या फळधारणा करतात.

पण ताई, भिरूड हा इथे दुसरा आजार आहे. त्याचा भुंगा, लांब मिशांचा, राखाडी, मानेवर दोन नारिंगी ठिपक्यांचा, पावसाळ्याच्या तोंडाला अंडी घालायला साल शोधतो तेव्हा थकलेलं झाड त्याला सोपं पडतं. जोमदार झाड चीक सोडून कोवळ्या अळ्यांना बऱ्याच प्रमाणात अडवतं. अळ्या काढून जमीन तशीच ठेवली तर पुढच्या पावसाळ्यानंतर नवा भुसा दिसेल. म्हणून अर्धं काम वर आणि अर्ध्याहून जास्त काम जमिनीवर.

पेव्हर काढा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. अनेक शहरांत आता हेच माप वापरतात. मी एक मीटर ही किमान मर्यादा मानते. तुमच्या झाडाला पार्किंगच्या बाजूला दोन मीटर आणि बाकी बाजूंना जमेल तेवढी जागा मिळाली तर फरक पडेल. एक गाडी हलवावी लागेल, हे मला माहीत आहे. सोसायटीच्या सभेत खरी लढाई तिथेच होते. उरलेल्या भागात पेव्हर ठेवायचेच असतील तर सिमेंटमध्ये बसवलेले काढून, खाली वाळू घालून, सांधे मोकळे ठेवून परत बसवा, म्हणजे पाऊस मुरेल.

काम हाताने करायचं. जेसीबी आणि ब्रेकर नको. पेव्हर उचलला की खाली साधारण खडी-मुरुमाचा दाबलेला थर निघतो. तो घमेल्याने काढा, मुळं दिसली की थांबा. सुतळीएवढी मुळं जपायची, मनगटाएवढ्या मुळावर तर कुदळीचा ओरखडाही नको. सकाळी उघडलेली मुळं दुपारच्या उन्हात ठेवू नका, ओलं गोणपाट टाका. बुंध्यावर चढलेली माती काढून खालचा घंटेसारखा भाग उघडा करा. मग मोकळ्या झालेल्या जागेत दोन-दोन फुटांवर पहारीने दीड फूट खोल भोकं पाडा, मूळ लागलं तर जागा बदला. या भोकांत चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि जाड वाळू भरा. घट्ट जमिनीत हवा शिरायला ही भोकं म्हणजे खिडक्या होतात.

वर सोसायटीतलाच पालापाचोळा तीन-चार इंच पसरा, खोडापासून वीतभर अंतर सोडून. रोज झाडून कचऱ्याच्या गाडीत जाणारी ती पानं हे झाडाचंच अन्न आहे. अस्वच्छ दिसतं अशी तक्रार येईल. कडेने विटांची एक ओळ लावली की तो कचरा न वाटता वाफा वाटतो, हा माझा नेहमीचा उपाय.

याच ठिकाणी एक मोह होतो. उघडं केलंच आहे तर छान गोल ओटा बांधू, माती भरून फुलझाडं लावू, बसायला जागा होईल. कृपा करून नको. गावाकडचा वडा-पिंपळाचा पार बघून आपल्याला तसं वाटतं. वड-पिंपळ खोडातूनही नवी मुळं सोडतात, त्यांना भर घातलेली माती सोसते. आंब्याला सोसत नाही. ओट्यातल्या मातीने गुदमरलेले आंबे, फणस मी कितीतरी बघितलेत आणि ओटा बांधणाऱ्या प्रत्येकाचा हेतू चांगलाच होता.

पाणी. बागायतदार मोहर यावा म्हणून आंब्याचं पाणी तोडतात, ते फळासाठी. तुमच्या झाडाला या दोन वर्षांत फळ नाही धरलं तरी चालेल, मुळं धरली पाहिजेत. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत दर बारा-पंधरा दिवसांनी एकदा, पाचशे लिटरच्या आसपास, नळी बारीक सोडून चार-पाच तास, जागा बदलत. खोडाशी नको, फांद्यांच्या घेराखाली. रोज बादलीभर पाणी बुंध्याशी ओतलं तर वरची साल कुजते आणि खाली कोरडंच राहतं. गाड्या धुतल्याचं साबणपाणी त्या वाफ्यात जाऊ देऊ नका. बोअरचं पाणी वापरत असाल आणि बादलीच्या कडांना पांढरे क्षार धरत असतील तर पावसाळ्यात छपराचं पाणी तिकडे वळवा, क्षार धुऊन जातील. खत म्हणाल तर या वर्षी कंपोस्टच पुरे. तुटलेल्या मुळांच्या झाडाला युरियाचा डोस देणं म्हणजे आजाऱ्याला पंचपक्वान्नं वाढणं.

छाटणीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ‘वरून निम्मं उतरवा’ हा सल्ला मानू नका. पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. मुळं आधीच कमी झाली, त्यात निम्मी पानं घालवली तर झाड उरलेला साठा खर्चून घाईने पालवी काढेल. ती हिरवळ बघून छाटणीवाला ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ म्हणेल. पण त्या फांद्या तुटक्या खोडाच्या कडेला सालीजवळून फुटलेल्या असतात, त्यांचा सांधा कच्चा. पाच-सात वर्षांनी त्याच जाड होऊन वाऱ्यात निसटतात. गाड्यांवर पडायची भीती आहे म्हणून छाटणी आणि छाटणीमुळे पडण्याची खरी भीती, असं होतं.

काढायच्या त्या मेलेल्या फांद्या, सुतळीच्या वरच्या. सुतळीच्या खाली जायचं ते एकाच कारणाने. जिथे शेंडामर, म्हणजे शेंड्याकडून खाली येणारी वाळ, सालीखाली तपकिरी रेघांनी खाली उतरत असेल तिथे रेघ संपते त्याच्या खाली तीन-चार इंच निरोगी भागात काप घ्या. वाळकी फांदी केव्हाही काढता येते. ओली कापायची असेल तर भर पावसात नको.

काप कुठे घ्यायचा हे नीट बघा, कारण झाडाचं पुढचं आयुष्य त्यावर ठरतं. फांदी खोडाला मिळते तिथे खाली एक फुगवटा असतो आणि वर काखेत सालीची सुरकुती. काप या दोन्हींच्या जरा बाहेरून. फुगवटा खोडाचा आहे, तो कापला की खोडाला जखम. खुंटी लांब ठेवली तर ती कुजत कुजत आत जाते. बरोबर घेतलेला काप वर्षभरात कडेने गोल वळी धरतो, वडीच्या कडेसारखी फुगीर, आणि दरवर्षी आत सरकत जातो. मी जुन्या झाडांवर बोट फिरवून या वळ्या बघते, कुणी चांगलं काम केलं होतं ते कळतं. जड फांदी असेल तर तीन कापांत काढा. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक-तृतीयांश, मग त्याच्या किंचित पुढे वरून पूर्ण, आणि वजन गेल्यावर शेवटचा काप फुगवट्याशी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल फाडत नेते. आंब्याचा चीक अंगावर उडाला तर कातडी भाजते, कापणाऱ्याने हात-तोंड झाकून घ्यावं.

अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेले अलेक्स शिगो यांनी हजारो झाडं करवतीने चिरून दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड खराब भागाभोवती आतून कुंपण घालतं आणि त्याच्या बाहेर नवं लाकूड वाढवतं. हे कळल्यावर माझी बरीच जुनी कामं मला टोचायला लागली. सुरुवातीच्या वर्षांत, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे, मी एका बंगल्यातल्या चिंचेची ढोली आतून खरवडून स्वच्छ केली आणि सिमेंटने भरली. खरवडताना झाडाने घातलेलं ते कुंपणच मी मोडलं होतं. वाऱ्यात झाड हलतं, सिमेंट हलत नाही. कडेने फट पडली, पाणी साचलं, आणि सातव्या पावसाळ्यात खोड बरोबर सिमेंटच्या वरच्या कडेला मोडलं. रात्रीची वेळ होती म्हणून कुणाला लागलं नाही. तेव्हापासून मी ढोलीत काही भरत नाही. पाणी साचू नये एवढं बघते आणि पोपट-पिंगळे राहत असतील तर राहू देते.

कापांवर डांबर किंवा ऑइल पेंट लावू नका. आत ओल कोंडते. आंब्यावर, विशेषतः शेंडामर असताना, मी बोर्डो पेस्ट लावते, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र ओतून ढवळायचं. लोखंडी सुरीचं पातं त्यात थोडा वेळ बुडवून बघा. तांबूस पुट चढलं तर अजून चुना हवा. त्याच दिवशी वापरून टाका. बुंध्याला दरवर्षी लावतात तो साधा गेरू-चुना झाडाला अपाय करत नाही, रात्री गाडीवाल्याला झाड दिसतं. फक्त त्याने आजार बरा होतो असं समजू नका.

वाळक्या बाजूला वेगळ्या रंगाच्या पानांचा झुपका दिसतोय का, तेही बघा. लांबट, जाडसर पानं आणि नळीसारखी केशरी फुलं असतील तर ते बांडगूळ. फुलटोच्या पक्षी त्याची चिकट बी फांदीवर पुसतो. नुसतं ओरबाडलं तर परत फुटतं, फांदीसकट, चिकटलेल्या जागेच्या खाली फूटभर कापावं लागतं.

आता पडण्याची भीती. ती खोटी नाही आणि सभेत तिला उडवून लावू नका. लहान मुलं खाली खेळतात. ज्या बाजूची मुळं तुटली आहेत त्या बाजूचा आधार कमी झालाय हे मान्य करावंच लागेल. वादळी पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बघायच्या गोष्टी सांगते. खोड आधीपेक्षा कललंय का (आजच एका ठरावीक जागेवरून फोटो काढून ठेवा, तुलनेला). कलाच्या विरुद्ध बाजूची जमीन फुगली किंवा तडकली आहे का. फांद्यांच्या दुबेळक्यात नवी चीर आहे का. बुंध्याशी भूछत्रं. यातलं काहीही दिसलं तर खालच्या गाड्या आणि माणसं लगेच हलवा आणि महापालिकेला कळवा. यातलं काही नसेल तर वाळक्या फांद्या काढल्यावर बराचसा धोका उतरतो. या पावसाळ्यापुरतं तरी पार्किंग त्या बाजूने हलवा, पेव्हर काढायलाही तेच सोयीचं.

परवानगीचं उत्तर सरळ आहे. झाड खासगी आवारात असलं तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. झाडाला इजा करणं, जाळणं हेही कायद्यात ‘तोडणे’ या व्याख्येत येतं, म्हणून बुंध्याशी ॲसिड ओतणाऱ्यालाही सुटका नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावण्याची अट आहे. तुमचा आंबा इमारतीआधीचा असेल तर शेजारच्या जुन्या रहिवाशांकडून, जुन्या फोटोंवरून वयाचा अंदाज घ्या. तोडायला निघालेल्या सभासदांसमोर हा मुद्दा शांतपणे ठेवा.

नारळांचं थोडक्यात. झावळी पंख्यासारखी त्रिकोणी कापलेली दिसते तो गेंड्या भुंगा. तो शेंड्याचा कोंब मिटलेला असताना पोखरतो, पान उघडलं की कात्रीची नक्षी दिसते. वरच्या तीन-चार झावळ्यांच्या बेचक्यांत प्रत्येकी एक डांबर गोळी ठेवून वर वाळू घाला, दीड महिन्याने परत. आणि तुमच्या सोसायटीचा कंपोस्टचा खड्डा उघडून बघा. हा भुंगा अंडी घालतो शेणखतात आणि कुजणाऱ्या कचऱ्यात. इंग्रजी सी सारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या सापडल्या तर वेचून काढा, दर दोन महिन्यांनी खड्डा उलटा करा. नारळाच्या खोडाला मात्र खिळा, चढायची खाच, दिव्यांच्या माळेचा स्क्रू यातलं काहीही नको. त्याच्या खोडाला आंब्यासारखी वळी धरता येत नाही, केलेली खाच जन्मभर उघडी राहते आणि तिथून सोंड्या भुंगा शिरतो.

कामाचा क्रम असा ठेवा: या आठवड्यात फोटो, सुतळी आणि भिरूड. छाटणीचा अर्ज लगेच. फेब्रुवारीत पेव्हर आणि पाणी सुरू. पेव्हर काढायच्या पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहा, पहिलं जाड मूळ दिसेपर्यंत तरी. कामगाराला ते एकदा हात लावून दाखवलं की पुढे तो आपणहून जपून खोदतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर त्याच जागेवरून परत फोटो काढा आणि सुतळीखालच्या फांद्यांवर नवी पालवी किती इंच आली ते मोजून मला कळवा. तेव्हा दुसऱ्या वर्षाचं ठरवू.